‘बस्ती’तील स्मृती आणि सत्य

हरवलेल्या भूमीविषयी लिहिणाऱ्यावर स्मरणरंजनाचा आरोप सहज होतो. अंतर गावाला सुंदर करते. मग असे चित्रण सत्याशी प्रतारणा ठरते काय? इंतिजार हुसेन यांच्या ‘बस्ती’ (१९७९) या उर्दू कादंबरीचा नायक झाकिर इतिहासाचा प्राध्यापक आहे. त्याच्या नावाचा अर्थ मात्र ‘स्मरण करणारा’. फाळणीपूर्वीचे रूपनगर त्याला पुराणकथेसारखे आठवते खरे, पण त्या गावात प्लेगही येतो. शिवाय ही आठवण फुरसतीतली नव्हे. १९७१ मध्ये पाकिस्तान दुभंगत असताना ती उसळते आणि ज्यासाठी गाव सोडले त्याचाच हिशेब मागते. निव्वळ स्मरणरंजन असा हिशेब मागत नाही. तपशील पडताळण्यात रमणाऱ्या समीक्षेला हे दिसणे कठीण. झाकिरच्या आईला मात्र मागे राहिलेल्या घराच्या किल्ल्यांचीच चिंता आहे.