हादरा कळतो, सूचना कळत नाही
व्हिडिओतली किती माहिती केवळ आवाजावर उभी आहे, हे आवाज बंद करून पाहिले की लगेच कळते. पालघर जिल्ह्यातल्या डहाणू आणि तलासरी तालुक्यांत हा प्रश्न जिवाशी येऊन भिडतो. नोव्हेंबर 2018 पासून धुंदलवाडीच्या परिसरात भूकंपाच्या हादऱ्यांची मालिका सुरू झाली. जमीन हलल्याचे कर्णबधिर माणसालाही इतरांइतकेच जाणवते. पण घराबाहेर कधी पडायचे, तडा गेलेल्या भिंतीपासून किती लांब थांबायचे, हे निवेदक नुसते बोलून सांगत असेल तर त्याच्यापर्यंत काहीच पोचत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 8 ने आपत्तीत समान संरक्षणाचा हक्क दिला आहे. कलम 42 ने इलेक्ट्रॉनिक माध्यमांत सबटायटल आणि सांकेतिक भाषेची सोय करण्याची जबाबदारी सरकारवर टाकली आहे.

सबटायटल ही पहिली पायरी. ती यंत्राकडून करून घेतली तर गावांची नावे आणि आकडे हमखास तपासावेत. हळदपाड्याचे दुसरेच काही झाले तर सूचना फुकट जाते. एका वेळी दोन ओळींहून जास्त मजकूर नसावा. 'दूरवर गडगडाट' यासारखे अर्थपूर्ण आवाजही लिहावेत. सबटायटलची वेगळी फाइल व्हिडिओ व्हॉट्सॲपवर पुढे पाठवताना मागेच राहते, म्हणून पाड्यापाड्यांत फिरणाऱ्या व्हिडिओत अक्षरे चित्रातच बसवलेली बरी.

तरीही इथे एवढ्यावर भागत नाही. अनेक घरांत वारली बोली बोलली जाते आणि पुस्तकी मराठी शाळेत भेटते. जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलाला तर या दोन्ही भाषा कानांवाटे मिळत नाहीत. त्याच्यासाठी भारतीय सांकेतिक भाषा हवी. या भाषेत प्रश्नार्थक खूण बहुधा वाक्याच्या शेवटी येते आणि भुवया, ओठ, मान यांच्या हालचाली व्याकरणाचे काम करतात. दुभाषा कोपऱ्यातल्या टिकलीएवढ्या चौकटीत कोंबला, की हे सारे व्याकरण पुसले जाते. तो दोन्ही हातांसह कंबरेपर्यंत दिसावा, कपडे एकरंगी असावेत, चेहऱ्यावर उजेड असावा. सांकेतिक भाषा न शिकलेल्यांसाठी कृती प्रत्यक्ष करून दाखवावी: दार उघडणे, डोके झाकणे, मोकळ्या जागेत जाऊन बसणे.

याच डहाणू तालुक्यात कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली. व्हिडिओ करणाऱ्यांनीही प्रेक्षकाकडे असेच चालत जायला हवे. कर्णबधिर माणसाला करुण संगीताच्या साथीने दाखवण्यापेक्षा त्याला निवेदक करावे, सल्लागार करावे आणि त्याचा मोबदला द्यावा. व्हिडिओ पाठवण्याआधी दोघा-तिघा कर्णबधिरांना दाखवून त्यांना काय उमगले ते त्यांच्याकडूनच समजून घ्यावे. जुने व्हिडिओ पुन्हापुन्हा फिरत राहतात. म्हणून तारीख आणि गावाचे नाव पडद्यावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत ठेवावे.