खामगाव ते शेगाव

पंढरपूरहून परतणाऱ्या गजानन महाराजांच्या पालखीसोबत शेवटचा टप्पा, खामगाव ते शेगाव, चालायला हौशे-नवशे-गवशे सगळेच येतात. सोळा-सतरा किलोमीटर. नवे बूट घातलेली तरणी पोरं अर्ध्या वाटेत चहावर टेकतात आणि पासष्टीची एखादी माळकरी आजी, ओचा खोचून, प्लॅस्टिकच्या चपलांत पुढे निघून जाते. विचारलं तर म्हणते, महाराज चालवून घेतात.

घेत असतीलही. पण आयुष्यभराच्या वावरातल्या पायपिटीचाही त्यात वाटा आहे. हृदयाच्या स्नायूपेशी कातडीसारख्या सतत नव्या होत नाहीत. स्वीडनच्या योनास फ्रिसेन यांच्या चमूने २००९ मध्ये दाखवलं, की पंचविशीत वर्षाला जेमतेम १ टक्का पेशी बदलतात, पंचाहत्तरीत अर्धा टक्काही नाही. बैलजोडी बदलायची सोयच नाही. आहे तीच राखायची. पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका वयाबरोबर झिजतात, घातक रसायनं सोडू लागतात. पेशी मेली की तिच्या जागी चिवट, ताठर धागे भरतात आणि हृदयाचं सैलावणं कमी होतं. नियमित व्यायामाने खराब तंतुकणिका मोडीत निघतात, नव्या तयार होतात. वेगाने वाहणारं रक्त धमन्यांच्या आतल्या अस्तराला घासतं, तिथून नायट्रिक ऑक्साइड सुटतो आणि धमन्या सैल पडतात.

आणि आपण काय करतो? साठी उलटली की मुलगा मायेनं म्हणतो, ‘बाबा, आता वावरात येऊ नका, बसा निवांत.’ देवळापर्यंतही मोटारसायकलवर सोडतो. १९६६ मध्ये अमेरिकेत डॅलसला विशीतल्या पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे खाटेवर पडून राहायला लावलं होतं. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं. तीस वर्षांच्या वयाने त्यांची दमशक्ती जेवढी घटली, त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांच्या खाटेने घटवली होती. माया म्हणून दिलेली खाट एवढी महाग पडते!

त्याच डॅलसमधल्या बेंजामिन लेव्हिन यांच्या गटाने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ४५ ते ६४ वयाच्या बैठ्या माणसांना दोन वर्षं व्यायाम करायला लावला, तेव्हा ताठरू लागलेलं हृदय पुन्हा लवचीक झालं. पासष्टीनंतर वर्षभर व्यायाम केलेल्यांची दमशक्ती वाढली, पण ताठरपणा हटला नाही. तेव्हा सुरुवात चाळिशी-पन्नाशीतच हवी. वर्षातून एकदा पालखीसोबत चालून बारा महिन्यांची बेगमी होत नाही; आठवड्यातले चार-पाच दिवस तरी घाम गाळावा लागतो.