चुकलो, असं सांगणारी पुस्तकं

स्टीफन हॉकिंग यांचं ‘अ ब्रीफ हिस्टरी ऑफ टाइम’ १९८८ साली आलं आणि जगभरात त्याच्या एक कोटीहून अधिक प्रती खपल्या. विश्वाचा आरंभ, कृष्णविवरं, काळाची दिशा असे अवघड विषय, आणि अख्ख्या पुस्तकात समीकरण एकच, आइनस्टाइनचं. तेव्हापासून त्याच्याबद्दल एक शेरा कायम ऐकू येतो : घेतलं सगळ्यांनी, वाचलं कोणीच नाही. मला हा शेरा अन्यायाचा वाटतो. भौतिकशास्त्राशी पोटापाण्याचा काही संबंध नसलेली माणसं पदरचे पैसे खर्चून अशी पुस्तकं घेतात, तेव्हा त्यांना नेमकं काय हवं असतं, हे आधी पाहायला हवं.

शाळेत आपल्याला भौतिकशास्त्र भेटतं ते सगळं ठरून गेल्यावर. चौकटीतला नियम, खाली सोडवलेलं उदाहरण, शेवटच्या पानावर उत्तरं. तो नियम सापडण्याआधी कोण किती भांडलं, कोण कुठे चुकलं, याचा मागमूस नसतो. पुष्कळांची या विषयाशी तिथेच फारकत होते.

हॉकिंग यांच्या पुस्तकाचं नववं प्रकरण यासाठीच मला फार मोलाचं वाटतं. फुटलेला कप आपणहून सांधला जाऊन टेबलावर परत का चढत नाही, हा त्यातला प्रश्न. विश्व प्रसरण पावतंय. पुढे कधी ते आकसू लागलं, तर काळ उलटा धावेल आणि फुटलेले कप खरोखरच सांधले जातील, असं हॉकिंग यांना एके काळी वाटत होतं. डॉन पेज हे सहकारी आणि रेमंड लाफ्लाम हा त्यांचाच विद्यार्थी, या दोघांच्या कामातून ते तसं नाही, हे पुढे आलं. आपण चुकलो होतो, हे हॉकिंग यांनी याच पुस्तकात, लाखो वाचकांसमोर सांगितलं आहे. विद्यार्थ्याच्या नावासकट.

हॉकिंग यांच्याच केंब्रिजमध्ये त्यांच्या आधी खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल होते. बीबीसीवरच्या त्यांच्या भाषणांचं पुस्तक १९५० साली निघालं आणि खूप वाचलं गेलं. विश्वाला आरंभ नाही. ते प्रसरण पावतं तसं नवं द्रव्य निर्माण होत राहतं, हे त्यांचं म्हणणं. १९६५मध्ये आकाशात सर्व दिशांनी येणाऱ्या सूक्ष्मलहरींचा शोध जाहीर झाला आणि बहुतेक शास्त्रज्ञ विश्वाचा आरंभ महास्फोटाने झाला, या मताच्या बाजूला गेले. मग हॉइल यांच्या वाचकांची फसवणूक झाली का? मला तसं वाटत नाही. एक माणूस आकाशाबद्दल जिवापाड युक्तिवाद कसा करतो, हे त्यांनी ऐकलं होतं, आणि पुढे निरीक्षणाने तो कसा डळमळीत केला, हेही त्यांना पाहायला मिळालं.

या हॉइल यांचे विद्यार्थी जयंत नारळीकर. बहुमत महास्फोटाकडे असतानाही ते त्यावरच्या आपल्या शंका अखेरपर्यंत मांडत राहिले. आणि ‘आकाशाशी जडले नाते’सारखं पुस्तक त्यांनी मराठीत लिहिलं. शास्त्रज्ञांमध्येही मतभेद असतात आणि ते आरडाओरडा न करता वर्षानुवर्षं जपता येतात, हे मराठी वाचकाला त्यांच्यामुळे जवळून कळलं.

नुसत्या विस्मयाची आतषबाजी करणारी पुस्तकंही हल्ली पुष्कळ निघतात. ती वाचून माणूस थक्क होतो, पण प्रश्न विचारायला लागत नाही. मला ती फारशी टिकाऊ वाटत नाहीत.

हॉकिंग यांचं पुस्तक अर्ध्यावर सोडल्याची खंत ज्यांच्या मनात आहे, त्यांनी आज सरळ ते नववं प्रकरण काढावं. आधीची आठ पुरती उमगली नसली, तरी ते वाचता येतं.