आधी परीक्षेला बसू द्या

चि. मुक्ता,


एनडीएचा फॉर्म भरलास हे तुझ्या आईकडून कळलं. तुझे बाबा त्यावर गप्प आहेत, हेही तिनंच सांगितलं. पोरींनी लढाईवर जावं का, असं तू मला विचारतेस.

आपल्या वर्ध्याला हा वाद नवा नाही. १९३६ च्या एप्रिलअखेर गांधीजी शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात राहायला गेले. त्याच वर्षी दसऱ्याला लक्ष्मीबाई केळकरांनी वर्ध्यातच राष्ट्र सेविका समिती काढली आणि मुलींना लाठी शिकवायला घेतली. १९४० मध्ये बापूंनी ‘हरिजन’मध्ये लिहिलं, की बाईवर घर सोडून बंदूक उचलायची वेळ आणणं स्त्री-पुरुष दोघांनाही कमीपणाचं आहे. हे आजही कुणीतरी तुझ्या तोंडावर फेकेल. पण बापूंना बंदूक पुरुषाच्या खांद्यावरही नको होती. त्यांचं तेवढं सोडून द्यायचं आणि पोरींपुरतं धरायचं, हे मला पटत नाही. बायांसाठीचा तो वेगळा नियम तर बापूंचा असूनही पटत नाही. सेवाग्रामच्या इतक्या जवळ बसून हे लिहितोय, ऐकणारे रागावतील. रागावू देत.

मला खरा राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. लष्करातल्या बाई अधिकाऱ्यांच्या हक्कांवरच्या बबिता पुनिया खटल्यात सरकारनं सुप्रीम कोर्टात सांगितलं, की बरेचसे जवान खेड्यातले, बाई अधिकाऱ्याचा हुकूम मानायला त्यांचं मन तयार नाही. खेड्यातले म्हणजे आपलेच की! देवळी-आर्वीकडची पोरं शाळेत बाईंचं ऐकतात, दवाखान्यात डॉक्टरीणबाईंचं ऐकतात. वर्दी चढवली की कान बंद होतात का? १७ फेब्रुवारी २०२० ला कोर्टानं तो युक्तिवाद फेटाळला. पुढे एनडीएचं दार उघडलं, आणि ३० मे २०२५ ला खडकवासल्याहून १७ मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. लढाऊ विमानांच्या शाखेत मुली २०१६ पासून आहेत, तोफखान्यातही २०२३ पासून आहेत. पायदळ आणि रणगाडे मात्र अजून बंद.

पायदळाचं काम म्हणजे पाठीवर ओझं, वर जखमी सोबती, आणि समोर चढ. त्याची कसोटी कठोरच हवी, आणि पोरींसाठी ती बोटभरही सैल करू नये. नापास झालीस तर घरी ये, पोहे करून घालीन. पण परीक्षेलाच बसू न देणं, किंवा गुणवत्ता यादीत वर असूनही मुलींच्या जागा संपल्या म्हणणं, याला कसोटी म्हणत नाहीत. लष्कराच्या विधी शाखेत यातलं दुसरं चाललं होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये कोर्टानं ते मोडीत काढलं.

बाबांची भीती वेगळी आहे. तू शत्रूच्या हाती लागलीस तर? ती खोटी नाही, तिला हसू नकोस. पण पकडलेल्या पुरुषांचेही हाल होतातच, म्हणून कुणी मुलगे घरी ठेवले नाहीत. आणि मरण काय सीमेवरच असतं? मे २०१६ मध्ये पुलगावच्या दारूगोळा भांडारात आग लागली, तेव्हा दोन अधिकारी आणि आग विझवणारे कितीतरी जण गेले. सीमा तिथून शेकडो कोस लांब.

बाबांशी मी रविवारी बोलतो. तोवर तू गणिताकडे बघ. मागच्या वेळी त्रिकोणमितीत काय दिवे लावलेस ते आईनं सांगितलंय.

तुझे,
आबा