घाट चढून येणाऱ्यांसाठी

पांडुरंगा, कार्तिक लागला की कोकणातल्या दिंड्या खोपोलीहून बोरघाट चढू लागतात. गळ्यात वीणा घेतलेला विणेकरी, टाळकरी, खांद्यावर पताका, बायांच्या डोक्यावर तुळस. लोणावळा, कार्ला फाटा, कामशेत, वडगाव करत वद्य एकादशीला त्या आळंदीत माऊलींच्या पायांशी पोचतात. त्यांचा भार तुझ्यावर घालायला हात जोडले आहेत.

त्यांना आम्ही वारकरी म्हणतो. या शब्दाचा अर्थ आमच्या अंगी मुरू दे, देवा. चैत्रात एकवीरा आईच्या डोंगरावर येणारे कोळी-आगरी आमचे यात्रेकरू. ते नवस फेडतात, आईची ओटी भरतात, पालखीला खांदा देतात. त्यांची भक्ती कुणाहून उणी नाही. पण यात्रा एकदा घडली तरी ती यात्राच. वारीचं तसं नाही. गळ्यात तुळशीची माळ पडली की शेतात काम असो, घरात अडचण असो, पुढच्या वर्षी पुन्हा निघायचंच. आला तो परत येणार, हे त्या नावातच आहे. म्हणून घरी परतणं हाही वारीचाच भाग, असं मी मानतो. या वाटेवर लहानमोठं कुणी नाही. वडीलधारा माणूसही पोराला 'माऊली' म्हणतो आणि त्याच्या पायांवर डोकं ठेवतो.

विठ्ठला, २०२१ च्या कार्तिकीत याच मावळात, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर, आळंदीला निघालेल्या दिंडीत पिकअप घुसली. आया-बहिणी गेल्या. त्यांची वारी अर्ध्यावर राहिली असं लोक म्हणाले. तू ती पुरी झाली असं मानून घे, आणि ज्यांच्या घरी त्या परतल्या नाहीत त्यांना धीर दे.

पहाटे दिंडी निघते तेव्हा अंधार असतो, धुकं असतं. पोलिसांना, रस्ता सांभाळणाऱ्यांना वारीच्या आठवड्यात जागं ठेव. गावोगावी चहापाणी आणि मुक्कामाला पडवी देणाऱ्यांच्या घरी भरभराट राहू दे. आणि स्टिअरिंगवर बसलेल्या प्रत्येकाला, तो माल घेऊन निघालेला असो की लोणावळ्याला सहलीला आलेला, एवढीच बुद्धी दे: टाळ ऐकू आला, पताका दिसली, की गाडीचा वेग कमी कर, माऊली.