‘बळी’ आणि कुंपणाची आतली बाजू

विभावरी शिरूरकर म्हणजेच मालतीबाई बेडेकर यांचे नाव निघाले की बहुधा ‘कळ्यांचे निःश्वास’ (१९३३) या कथासंग्रहाची आणि त्यावर उठलेल्या वादळाचीच चर्चा होते. ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातीच्या जगण्यावरची त्यांची ‘बळी’ (१९५०) ही कादंबरी मात्र अधिक अस्वस्थ करणारी असूनही त्या चर्चेच्या कडेलाच राहते.

ब्रिटिश सरकारने १८७१ मध्ये केलेल्या कायद्याने काही जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या आणि पुढे अशा कुटुंबांना ‘सेटलमेंट’मध्ये, म्हणजे तारेच्या कुंपणाने वेढलेल्या व हजेरीने बांधलेल्या सरकारी वसाहतीत, ‘सुधारण्या’साठी ठेवले जाऊ लागले. सोलापूरच्या अशा वसाहतीत मालतीबाईंनी १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात अधिकारी म्हणून काम केले होते. ज्या यंत्रणेचा पगार घेतला तिच्याच पोटात काय चालते हे लिहिण्याची ही जागा अवघड होती, आणि कादंबरीचे बळही याच अवघडलेपणात आहे. अशा जमातींपैकी एक असलेल्या मांग-गारुडी समाजाचे जगणे कादंबरीत दयेचा विषय होत नाही. दारिद्र्य, हिंसा, आपसातले वैर यांवर पांघरूण न घालताही दोष माणसांच्या रक्तात शोधला जात नाही, हे त्या काळाच्या मानाने मोठेच धाडस होते. शीर्षकातही एक बोचरा प्रश्न दडलेला आहे: बळी चढवणारा स्वतःला पुण्यवानच समजत असतो, आणि ‘सुधारणा’ हा शब्द उच्चारणारी व्यवस्थाही तशीच निश्चिंत असते.

तरीही ही दृष्टी बाहेरून आलेल्या, सुशिक्षित मध्यमवर्गीय स्त्रीची आहे, हे विसरता येत नाही. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) ही आत्मकथने आली तेव्हा भटक्या व गुन्हेगार ठरवलेल्या जमातींचे जगणे प्रथमपुरुषी बोलू लागले, आणि त्या आवाजाची जागा कोणतीही सहृदय कादंबरी घेऊ शकत नाही. मात्र म्हणून ‘बळी’ला केवळ पूर्वसूचना मानणे अन्यायाचे होईल, कारण कुंपणाच्या आत राहणाऱ्याचे दुःख आत्मकथन अधिक खरेपणाने सांगत असले, तरी हजेरी घेणाऱ्या बाजूला उभे राहून ते कुंपण पाहणे कसे असते, हे सांगण्याचा अधिकार या लेखिकेपाशीच होता.

कादंबरीनंतर दोनच वर्षांनी, १९५२ मध्ये, जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवणारा कायदा रद्द झाला आणि त्या जमातींना ‘विमुक्त’ म्हटले जाऊ लागले; सोलापुरात मात्र त्या वस्तीला लोक अजूनही ‘सेटलमेंट’च म्हणतात.