अस्तरावरची खूण

मृताच्या मागे राहिलेल्या वस्तूवर जिवंताचा हक्क कोठवर पोहोचतो, हा प्रश्न वारशाचा कायदा चटकन सोडवितो. नीतीला मात्र तो तितका सोपा वाटत नाही. वडिलांची पगडी मुलाने जपून ठेविली तर त्यास आपण भक्ती म्हणतो. परंतु परक्या शिपायाचा जुना कोट बाजारातून विकत आणावयाचा आणि तो मूळचा कोणाचा, याचा वर्षानुवर्षे शोध करीत बसावयाचे, यास काय म्हणावे? युरोप-अमेरिकेत असे छंदी लोक पुष्कळ आहेत. त्यांचा छंद वरवर पाहता पोरखेळ वाटेल. पण त्याच्या पोटात एक गंभीर प्रश्न दडलेला आहे.

अमेरिकेचेच उदाहरण घेऊ. दुसऱ्या महायुद्धात तेथील शिपायाच्या कपड्यांवर, धुलाईत अदलाबदल होऊ नये म्हणून, एक खूण असे: आडनावाचे आद्याक्षर आणि सैनिकी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे. कित्येक कोटांवर उजव्या खिशाच्या वर सोनेरी धाग्याचे गरुडचिन्हही आढळते. हा मनुष्य सन्मानाने सेवामुक्त झाला, असा त्याचा अर्थ. घरी परतणाऱ्याजवळ साध्या कपड्यांची वाण असे, म्हणून तीस दिवसांपर्यंत गणवेश घालण्याची त्यास मुभा होती. शिपाई मात्र त्या गरुडाची थट्टा करून त्यास बदक म्हणत.

आता एवढ्या खुणेवरून मनुष्य शोधावयाचा. १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुईस येथील दप्तरखान्यास आग लागून दीड कोटीहून अधिक कागदपत्रे भस्मसात झाली. १९१२ ते १९५९ या काळात भूसेनेतून मुक्त झालेल्यांपैकी सुमारे ८० टक्के लोकांची दप्तरे त्यांत गेली. उरला आधार भरतीच्या नोंदींचा. त्या सुमारे ९० लाख आहेत आणि त्यांत नाव, जन्मवर्ष, राहण्याचे ठिकाण, शिक्षण व पूर्वीचा धंदा इतके सापडते. साधा हिशेब केला तरी एकेका खुणेच्या वाट्यास सरासरी तीस-पस्तीस माणसे येतात. कोट एक आणि धनी पस्तीस!

संग्राहकाची खरी कसोटी येथे लागते. या पस्तिसांत एखादा नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेला असतो, एखादा छावणीत पाव भाजणारा, एखादा कोठारात बुटांचे जोड मोजणारा. ज्या कोटास नाव मिळाले त्याची किंमत वाढते, आणि नावापाठोपाठ रणांगण आले तर ती आणखी चढते. मग मन हळूच कुजबुजते, ‘हा कोट त्या शूराचाच असला पाहिजे.’ लबाडी करण्याचा हेतू नसतो. केवळ इच्छा पुराव्याच्या दोन पावले पुढे चालू लागते. पुढे शोधान्ती धनी पाव भाजणारा निघाला, म्हणजे संग्राहकाचा चेहरा उतरतो. सैन्य पोटावर चालते हे आपण सारे म्हणतो. पण ते पोट भरणाऱ्याचा कोट कोणास हवा असतो?

कोणी म्हणेल, मृतास याचे काय? मला वाटते, प्रश्न मृताचा नव्हे, आपलाच आहे. शूराचे नाव मिळेपर्यंतच ज्याची जिज्ञासा जागी राहते, तो माणसास शोधीत नाही. आपल्या भिंतीस शोभेल असे चित्र शोधतो. शिवाय ज्याने तो कोट स्वतःच्या हाताने विकून टाकला, त्यास कदाचित तो काळ विसरावयाचाही असेल. त्याचे विस्मरण उकरून काढण्याचा अधिकार पावती दाखवून सिद्ध होत नाही.

तथापि एवढ्यावरून हा छंद त्याज्य ठरत नाही. आपल्या साताऱ्याकडील कित्येक गावांत पहिल्या महायुद्धाच्या स्मरणार्थ बसविलेल्या शिळा आहेत. गावातून इतके पुरुष गेले, पैकी इतके मेले, एवढाच त्यांवर मजकूर. आकडा आहे, नाव नाही. तो वाचताना मनास जी हुरहूर लागते, तिचाच सात्त्विक अंश त्या परदेशी संग्राहकाच्या ठिकाणी असतो. आकड्यामागे एक मनुष्य होता, त्यास नावाने हाक मारावी, ही इच्छा उदात्तच होय.

म्हणून त्याच्या हक्काची मर्यादा मी अशी आखीन. पाव भाजणाऱ्याचे नाव सापडल्यावरही त्यास आनंद झाला पाहिजे. वारस हयात असतील तर ती हकीकत बाजाराआधी त्यांच्या कानी गेली पाहिजे, आणि त्यांनी ‘पुरे’ म्हटल्यास तेथेच थांबले पाहिजे. आणि पस्तिसांतून एक निवडता आला नाही, तर ‘हा कोणाचा ते कळत नाही’ अशी चिठ्ठी कोटास लावण्याचे धैर्य त्याजपाशी हवे. खोट्या नावापेक्षा त्या कोऱ्या चिठ्ठीतच मृताचा मान अधिक राखला जातो. कोटाचे मोल देऊन कोटच मिळतो; त्यातला मनुष्य मात्र विश्वासाने सोपविलेल्या ठेवीसारखा सांभाळावा लागतो.